घोडाबंदी सुडोकू: पहिलं कोडं सोडवताना

गेल्या पावसाळ्यात खानापूरहून बेळगावला येत होतो. बसच्या काचा बंद, बाहेर पावसाची झड, मांडीवर चौकटीची वही. वहीत सहा बाय सहाचा तक्ता आणि समासात पेन्सिलीनं काढलेला एक घोडा. शेजारचा शाळकरी मुलगा बराच वेळ डोकावत होता. घोडा कशाला म्हणून त्यानं कन्नडमधून विचारलं, मीही कन्नडमधूनच नियम सांगितला. दोन मिनिटांनी मी एका घरात पेन्सिल टेकवली तसं त्यानं माझं मनगट धरलं. म्हणाला, ‘इल्ली नाल्कु बरंगिल्ल.’ इथं चार येत नाही.

चार कुठं येतो ते त्याला ठाऊक नव्हतं. कुठं येत नाही ते मात्र त्यानं बरोबर पकडलं होतं. सुडोकूला एखादा जादा नियम जोडला की सगळी मदार याच प्रश्नावर येते, आणि पेपरातला सुडोकू रोज सोडवणारी अनुभवी माणसंही नेमकी इथं अडतात. त्यांचा हात ‘इथं कुठला अंक बसेल?’ या सवयीनं चालतो. ती सवय थोडा वेळ बाजूला ठेवा, एवढंच मागणं आहे.

माझ्याकडं अनगोळला शिकवणीला येणाऱ्या मुलांना मी ज्या क्रमानं हे शिकवतो, तोच क्रम इथं ठेवला आहे. वाचताना वही आणि पेन्सिल हाताशी असू द्या. नुसतं वाचून यातलं अर्धंही हाती लागणार नाही.

नियम आणि तक्ता

साधा सुडोकू बहुतेकांना येतो, म्हणून थोडक्यात. आपण नऊऐवजी सहाचा तक्ता घेऊ: सहा आडव्या ओळी, सहा उभ्या ओळी, आणि दोन आडव्या व तीन उभ्या ओळींचे सहा खण. प्रत्येक आडव्या ओळीत, प्रत्येक उभ्या ओळीत आणि प्रत्येक खणात १ ते ६ हे अंक एकेकदाच यायचे.

आता जादा नियम. बुद्धिबळातला घोडा अडीच घरं चालतो: दोन घरं सरळ आणि एक घर बाजूला. एखाद्या घरात ४ असेल, तर तिथून घोडा ज्या ज्या घरात उडी मारू शकतो त्यांपैकी एकाही घरात पुन्हा ४ यायचा नाही. इंग्रजीत याला अँटी-नाइट म्हणतात, आम्ही घोडाबंदी म्हणतो. शिकवणीतली कन्नड घरातली मुलं ‘कुदुरे’, म्हणजे घोडाच, म्हणतात, आणि आता मराठी मुलांच्या तोंडीही तोच शब्द बसला आहे.

घरांना नावं देऊ. आधी आडव्या ओळीचा आकडा, मग उभ्या ओळीचा. ३-२ म्हणजे वरून तिसरी ओळ, डावीकडून दुसरं घर. हा क्रम एकदा पक्का करा. उलटसुलट झाला की सगळं बिघडतं.

नऊचा तक्ता सोडून सहाचा का? घोडा लहान तक्त्यात जास्त जोरात लागतो म्हणून. साध्या ६×६ सुडोकूचे एकूण २,८२,००,९६० पूर्ण तक्ते होतात. घोडाबंदी लावली की त्यातले फक्त ११,५२० शिल्लक राहतात. एका नियमानं एवढी छाटणी होत असेल, तर कोडं सोडवायला सुरुवातही त्याच नियमानं करायला हवी.

आधी घोडा हातात बसू द्या

कोड्याला हात लावण्याआधी दहा मिनिटं हा सराव करा. रिकामा ६×६ तक्ता काढा. स्वयंपाकघरातून मूठभर जोंधळे आणा. ३-२ या घरात पेन्सिलीनं ४ लिहा आणि तिथून घोडा जिथं जिथं पोचतो त्या प्रत्येक घरात एक दाणा ठेवा.

सहा दाणे लागले पाहिजेत: १-१, १-३, २-४, ४-४, ५-१ आणि ५-३. पाचच लागले असतील तर बहुधा २-४ किंवा ४-४ राहिलं असेल. उभ्या उड्या सगळ्यांना दिसतात, आडव्या सुटतात. माझ्याकडच्या मुलांचंही सुरुवातीला असंच होतं. वर दोन-खाली दोन बघून मोकळे होतात, डावी-उजवी बाजू विसरतात.

आता तोच ४ कोपऱ्यात, १-१ मध्ये नेऊन पाहा. दाणे दोनच लागतील: २-३ आणि ३-२. मधल्या घरात, समजा ३-३ मध्ये, ठेवला तर आठ. बुद्धिबळ खेळणारे सांगतात की घोडा कडेला बसला की त्याचा जोर जातो, ते इथं मोजूनच दिसतं. कोडं समोर आलं की दिलेल्या अंकांपैकी मधल्या घरांजवळचा अंक कोणता ते आधी बघायचं, ते यासाठीच. कोपऱ्यातला अंक पहिल्या फेरीत फारसं काही देत नाही.

दाणे ठेवायचं काम दोन-तीन कोडी करा, मग डोळ्यांना उड्या आपोआप दिसू लागतात. घाई करून पहिल्याच दिवशी दाणे टाकून देऊ नका.

कोडं

३ – – | ५ – –
– – – | – – १
– ४ – | – – –
– – – | – – २
– – – | – – –
६ – – | – – –

दिलेले अंक सहाच, १ ते ६ एकेकदा. पाचवी ओळ पूर्ण मोकळी. साध्या ६×६ सुडोकूला एकच उत्तर यायचं असेल तर किमान ८ अंक द्यावे लागतात, त्यामुळं घोड्याशिवाय हे कोडं सुटणं शक्यच नाही.

*चारांपासून सुरुवात.* ३-२ मधला ४ मध्याच्या जवळ आहे आणि सहा घरांवर नजर ठेवून आहे. खाली डावीकडचा खण बघा, पाचवी-सहावी ओळ आणि पहिल्या तीन उभ्या ओळी. दुसऱ्या उभ्या ओळीत ४ आधीच आहे, म्हणून ५-२ आणि ६-२ बाद. ५-१ आणि ५-३ वर घोडा. ६-१ मध्ये ६ दिलेला. उरलं फक्त ६-३. तिथं ४.

पहिला अंक बसला, आणि तो ‘इथं येत नाही’ असं पाच वेळा म्हणून बसला. पुढचं सगळं याच चालीनं जाणार आहे.

वर डावीकडचा खण. दुसरी उभी ओळ बाद, तिसरीही आता बाद कारण ६-३ मध्ये ४ आला. १-१ मध्ये ३ आहे. उरलं २-१, तिथं ४. मग मधला उजवा खण: तिसऱ्या ओळीत ४ आहेच, ४-४ वर ३-२ चा घोडा, ४-६ मध्ये २. म्हणून ४-५ मध्ये ४. वर उजवीकडं दुसरी ओळ बाद, १-४ मध्ये ५, पाचवी उभी ओळ बाद, म्हणून १-६ मध्ये ४. शेवटचा ४ आपोआप ५-४ मध्ये पडतो. सहाही चार बसले आणि अजून एकदाही अंदाज करावा लागला नाही.

*आता पाच.* १-४ चा ५ कडेला आहे, पण चारांनी घरं अडवल्यामुळं त्याची ताकद वाढली आहे. वर डावीकडं ५ दुसऱ्या ओळीतच येऊ शकतो. २-१ मध्ये ४, २-२ वर घोडा (एक खाली, दोन डावीकडं, हीच ती सुटणारी आडवी उडी). म्हणून २-३ मध्ये ५.

त्या नव्या ५ पासून पुन्हा दाणे ठेवा. ३-१ आणि ४-२ ही दोन्ही घरं गेली. मधल्या डाव्या खणात तिसरी उभी ओळ बाद, ३-२ मध्ये ४, म्हणजे ४-१ मध्ये ५. हा ५ खाली ६-२ वर उडी मारतो. खालच्या डाव्या खणात पहिली आणि तिसरी उभी ओळ आधीच बाद आहेत, म्हणून ५-२ मध्ये ५. मधल्या उजव्या खणात चौथी आडवी ओळ आणि चौथी उभी ओळ बाद, ३-५ वर एक सोडून दोन घोडे, १-४ चा आणि २-३ चा. राहिलं ३-६. आणि सर्वात खाली ६-५.

इथं थांबून तक्ता जुळवा:

३ – – | ५ – ४
४ – ५ | – – १
– ४ – | – – ५
५ – – | – ४ २
– ५ – | ४ – –
६ – ४ | – ५ –

तुमचा तक्ता वेगळा असेल तर पुढं जाऊ नका. मागं जाऊन कुठल्या दाण्यानं चकवलं ते शोधा. घोडाबंदीत चूक लगेच वर येत नाही, दहा-बारा घरांनंतर येते, आणि तोवर खोडरबरानं कागद फाटायची वेळ आलेली असते. मी पहिल्यांदा हा कोड्याचा प्रकार हाती घेतला तेव्हा आधी साध्या नियमांनी जमेल तेवढं भरायचं आणि मग घोडा तपासायचा, असा बेत केला होता. तीन संध्याकाळी त्यात गेल्या. जादा नियम शेवटी तपासायचा नसतो, तो पहिल्या घरापासून कामाला लावायचा असतो.

*तीन.* इथं घोडा जरा बाजूला ठेवा, कारण साधा सुडोकूच उपयोगी पडतो. सहाव्या उभ्या ओळीत ४, १, ५, २ आले. उरलेल्या ५-६ आणि ६-६ मध्ये ३ आणि ६ जायचे. सहाव्या आडव्या ओळीत ६ आधीच आहे, म्हणून ६-६ मध्ये ३ आणि ५-६ मध्ये ६. नव्या नियमात गुंगून जाताना अशी सोपी जागा समोर असून दिसत नाही. दर पाच-सहा अंकांनंतर एकदा जुन्या डोळ्यांनी तक्ता बघायचा.

आता सहाव्या ओळीत ६-२ आणि ६-४ साठी १ आणि २ उरले. खालच्या डाव्या खणाला ३ हवा. ५-१ मध्ये चालत नाही, पहिल्या उभ्या ओळीत ३ दिलेला आहे. ६-२ मध्ये नाही. म्हणून ५-३. दुसऱ्या उभ्या ओळीचा ३ वरच्या खणात जाऊ शकत नाही, ६-२ मध्येही नाही, म्हणून ४-२. मधल्या उजव्या खणात ३-४ वर पुन्हा दोन घोडे, ५-३ वरून आणि ४-२ वरून. ३ गेला ३-५ मध्ये. शेवटचा ३ वर उजवीकडं २-४ मध्ये.

*एक आणि सहा.* मधल्या उजव्या खणात ३-४ आणि ४-४ ही दोन घरं, १ आणि ६ हे दोन अंक. निकाल कोण देणार? इतका वेळ गप्प बसलेला २-६ चा १. एक खाली, दोन डावीकडं: ३-४. तिथं १ नाही, म्हणून ४-४ मध्ये १ आणि ३-४ मध्ये ६. चौथ्या ओळीत ४-३ मध्ये ६ उरला.

३-४ चा ६ आता वरच्या दोन्ही खणांवर एकदम पडतो: १-३, १-५ आणि २-२ तिन्ही बंद. डावीकडं ६ ला १-२ शिवाय जागा नाही, उजवीकडं २-५ शिवाय नाही. माझ्या मते या कोड्यातली सगळ्यात देखणी चाल हीच. मग १-५ मध्ये २, १-३ मध्ये १, २-२ मध्ये २, आणि बाकीची सहा घरं तुम्ही ओळी मोजून भरालच.

३ ६ १ | ५ २ ४
४ २ ५ | ३ ६ १
१ ४ २ | ६ ३ ५
५ ३ ६ | १ ४ २
२ ५ ३ | ४ १ ६
६ १ ४ | २ ५ ३

पूर्ण झालेला तक्ता रंगवा

आता रंगीत पेन्सिल घ्या. बुद्धिबळाच्या पटासारखी एक आड एक घरं रंगवा, १-१ पासून सुरुवात करून. रंगवलेल्या घरांत कुठले अंक आले ते बघा: फक्त १, २ आणि ३. कोऱ्या घरांत फक्त ४, ५ आणि ६.

शिकवणीतल्या एका मुलीला हे आधी दिसलं, मला नाही. ‘सर, घोडा दर वेळी रंग बदलून येऊलालाय की!’ असं ती म्हणाली, आणि त्यातच सगळं आलं. घोडा काळ्या घरावरून निघाला की पांढऱ्यावरच उतरतो. त्यामुळं १ जर फक्त काळ्या घरांत राहत असेल, तर एका १ वरून घोड्यानं कुठंही उडी मारली तरी दुसरा १ सापडणारच नाही.

हे याच कोड्यापुरतं आहे का? एका रविवारी मी पहिल्या ओळीतल्या प्रत्येक अंकाच्या खाली उतरायच्या सगळ्या वाटा वहीत मांडल्या. पहिली ओळ ठरली की घोडाबंदीचे पूर्ण तक्ते १६ च होतात, आणि सोळाच्या सोळा तक्त्यांत तीन अंक एका रंगावर, तीन दुसऱ्या. दोन बाय तीनच्या खणांचा ६×६ घोडाबंदी तक्ता असेल तर दर वेळी असंच. कुठले तीन एकत्र येतात ते मात्र कोड्यागणिक बदलतं.

म्हणजे हे हत्यार पुढच्या कोड्याला सुरुवातीपासून वापरता येईल. दोन अंक एकाच रंगावर दिलेले दिसले की ते सोबती आहेत हे कळतं, आणि सोबती नसलेला अंक त्या रंगाच्या कुठल्याच घरात येत नाही. तरी पहिली दोन-चार कोडी दाण्यांनीच सोडवा. रंगाची युक्ती आधी हाती आली तर घोडा हातात बसत नाही, आणि मोठ्या तक्त्यात तुमची मदार घोड्यावरच असेल.

कारण नऊच्या तक्त्यात ही वाटणी जमूच शकत नाही. ८१ घरांत एका रंगाची ४१ आणि दुसऱ्याची ४०. प्रत्येक अंक नऊ घरं घेतो, आणि ४१ ला नऊनं भाग जात नाही. तिथं कुठला ना कुठला अंक दोन्ही रंगांवर बसणारच.

नऊच्या तक्त्याकडं जाताना

रीत तीच: मधल्या भागातला अंक निवडा, त्याची आठ घरं बाद करा, शेजारच्या खणांत किती जागा उरल्या ते बघा. खण तीन बाय तीनचा झाल्यामुळं एका घोड्यानं घर पक्कं होत नाही. एकाच अंकाचे दोन दिलेले घोडे मिळून एखादा खण कसा दाबतात ते शोधावं लागतं. एखाद्या खणात अंकाला दोनच घरं उरली, तर त्या दोन्ही घरांवरून घोडा जिथं पोचतो ते सामाईक घर हुडका. अंक दोघांपैकी कुठंही बसला तरी त्या सामाईक घरात तो येत नाही. ही एक गोष्ट जमली की नऊचा तक्ता खुलतो.

नियम वाढले की दिलेले अंक किती कमी होऊ शकतात याचं एक उदाहरण सांगतो. साध्या ९×९ सुडोकूला किमान १७ अंक लागतात, हे आयर्लंडचे गणितज्ञ गॅरी मॅक्ग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये संगणकावर दाखवून दिलं. पण २०२० च्या मे महिन्यात ‘मिरॅकल सुडोकू’ नावाचं एक कोडं यूट्यूबवर जगभर गाजलं. मिचेल ली यांनी रचलेल्या त्या कोड्यात दिलेले अंक फक्त दोन होते, एक १ आणि एक २. सोबत घोडाबंदी, राजाबंदी (कोनाकोनाला लागून असलेल्या घरांत तोच अंक नको) आणि आडव्या-उभ्या शेजारी सलग अंक नकोत, असे तीन नियम. तेवढ्यावर पूर्ण तक्ता एकाच प्रकारे भरतो. घोडाबंदी हातात बसली की ते कोडं सोडवण्याची हिंमत करा. जागा फार लवकर संपत जातात आणि बघायला मजा येते.

इतर जादा नियमांबद्दल एवढंच सांगतो की प्रत्येकाची स्वतःची बळकट जागा असते आणि ती आधी शोधायची. पिंजऱ्याच्या सुडोकूत, म्हणजे तुटक रेषेनं वेढलेल्या घरांची बेरीज दिलेली असते तिथं, टोकाच्या बेरजा बघा: दोन घरांची बेरीज ३ असेल तर १ आणि २ च, १७ असेल तर ८ आणि ९ च, तीन घरांची ६ म्हणजे १, २, ३ आणि २४ म्हणजे ७, ८, ९. शिवाय १ ते ९ ची बेरीज ४५, म्हणून प्रत्येक ओळीची आणि खणाची बेरीज तुम्हाला न सांगताच ठाऊक असते. तापमापकाच्या प्रकारात घरांवर तापमापकाचं चित्र काढलेलं असतं आणि फुग्यापासून टोकापर्यंत अंक चढत जातात, तिथं सगळ्यात लांब तापमापक आधी घ्या. सात घरांचा असेल तर फुग्यात १, २ किंवा ३ शिवाय काही येत नाही.

हा छंद वाढवायचा असेल त्यांच्यासाठी एक माहिती. सुडोकूची जागतिक स्पर्धा २००६ पासून भरते, पहिली इटलीतल्या लुक्का शहरात झाली, आणि २०१७ ची आपल्या बेंगळुरूला झाली होती. अशा स्पर्धांत साध्या सुडोकूपेक्षा जादा नियमांच्या कोड्यांचाच भरणा असतो. बेळगाव, निपाणी, खानापूर, चिक्कोडी भागातल्या पोरांना यात भाषेची अडचण कुठंच येत नाही, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. नियम एकदा कळला की घरात मराठी बोलणारा आणि शाळेत कन्नड शिकणारा, दोघं एकाच वहीवर वाकून बसू शकतात. आमच्याकडं दर शनिवारी बसतातही. एक ‘चार’ म्हणतो, दुसरा ‘नाल्कु’, आणि दाणा दोघं एकाच घरात ठेवतात.

तुमच्यासाठी एक

हे कोडं तुम्ही एकट्यानं सोडवा. नियम तेच, घोडाबंदीच.

– – – | – – –
– – ३ | – – –
– – २ | – – –
– ६ – | – १ –
– – – | ५ – –
– – – | ४ – –

पहिली ओळ पूर्ण मोकळी आहे म्हणून दचकू नका. तक्ता आधी पटासारखा रंगवा आणि दिलेल्या सहा अंकांचे दोन गट कसे पडतात ते बघा. गट पडले की मधल्या डाव्या खणात ३-१ हे घर तपासा. त्या रंगाची तीन घरं त्या खणात आहेत, दोन भरलेली आहेत, म्हणजे तिसऱ्यात काय ते तुम्हाला सांगायची गरज नाही. तिथून तिसरी ओळ, मग चौथी, मग खाली. वाटेत अडलात तर जोंधळे आहेतच.